टेल्यूरियम : एका मूलद्रव्याची नावे आणि त्यांचा अर्थ

टेल्यूरियम ह्या मूलद्रव्याचे नाव 'टेल्लुस' म्हणजे पृथ्वी ह्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. ते वाचून हे द्रव्य भूमीत विपुल असावे अशी कोणाचीही कल्पना होईल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भूकवचाच्या दर शंभर कोटी भागांत टेल्यूरियमचा जेमतेम एक भाग असतो. म्हणजे ते सोन्याहूनही विरळ ठरते. पृथ्वी घडत असताना हायड्रोजनशी त्याचे बाष्पनशील संयुग झाले व ते उडून गेले, अशी ह्या दुर्मिळतेची एक उपपत्ती सांगितली जाते. विश्वातील एकंदर प्रमाण पाहता ते इतके दुर्मिळ नाही. पृथ्वीच्या नावाचे हे द्रव्य पृथ्वीनेच बव्हंशी गमावले, असे म्हणावे लागते.

रसायनशास्त्राच्या अभ्यासकास ही विसंगती किरकोळ वाटेल. पारिभाषिक संज्ञांचा विचार करणाऱ्यास मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. शास्त्रीय संज्ञेतील कोणता भाग अर्थ वाहतो व कोणता केवळ खूण म्हणून असतो, हा प्रश्न मराठीत शास्त्रीय लेखन करणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. मूळ धातूचे भाषांतर करावे की ध्वनी तसेच घ्यावेत, प्रत्ययांचे काय करावे, ह्याविषयीचे वाद बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच घातले जातात. टेल्यूरियमचा इतिहास त्या वादास एक प्रत्यक्ष उदाहरण पुरवितो, आणि ते अनेक अंगांनी बोलके आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ ट्रान्सिल्व्हेनियात होतो. आज रुमानियात असलेला हा प्रदेश अठराव्या शतकात हाब्सबुर्ग साम्राज्यात होता व त्याच्या डोंगरांतील सोन्याच्या खाणी प्राचीन काळापासून प्रसिद्ध होत्या. तेथील झ्लात्ना हे खाणकामाचे गाव. ह्या ग्रामनामात स्लाव्ह भाषांतील 'झ्लातो' म्हणजे सोने हा शब्द आहे, आणि तो व संस्कृतातील 'हिरण्य' हे दोन्ही एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले आहेत. तेव्हा गावाच्या नावात सोने होते व खाणीतही सोने होते. परंतु जवळच्या एका खाणीतून निघणाऱ्या पांढुरक्या, चकाकणाऱ्या धातुकाने सर्वांस कोड्यात टाकले होते. त्यातून अपेक्षेइतके सोने हाती येत नसे, आणि सोन्याबरोबर जे काही होते ते ओळखीच्या कोणत्याही धातूच्या लक्षणांत बसत नसे. कोणी त्यास शुद्ध अँटिमनी म्हणत, कोणी बिस्मथ.

ट्रान्सिल्व्हेनियातील खाणींचा मुख्य निरीक्षक फ्रान्झ योसेफ म्युलर ह्याने १७८२ मध्ये ह्या धातुकाचा अभ्यास हाती घेतला. प्रथम त्यासही तो बिस्मथ व गंधक ह्यांचा संयोग वाटला. पुढे सुमारे तीन वर्षे व पन्नासाहून अधिक परीक्षा करून त्याने असा निष्कर्ष काढला की, हा अँटिमनी नव्हे, बिस्मथही नव्हे. येथे एखादा अज्ञात धातू असला पाहिजे. तापविल्यावर निघणारा मुळ्यासारख्या वासाचा पांढरा धूर आणि तीव्र गंधकाम्लात येणारा तांबडा रंग ही त्याने नोंदविलेली लक्षणे होत. निष्कर्ष पक्का करण्यासाठी त्याने उप्सालाच्या टॉर्बर्न बेर्गमानकडे नमुना धाडला. हे अँटिमनी नाही, इतके बेर्गमानने मान्य केले. परंतु १७८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला व काम तेथेच थांबले.

ह्या काळात त्या द्रव्यास जी नावे होती ती लक्षात घेण्याजोगी आहेत. 'आऊरुम पाराडोक्सुम' म्हणजे विरोधाभासात्मक सुवर्ण, आणि 'मेटाल्लुम प्रोब्लेमाटिकुम' म्हणजे प्रश्नरूप धातू. वस्तूचा कोणताही गुण ह्या नावांत सांगितलेला नाही. त्यांत आहे ती निरीक्षकाची मनःस्थिती. प्रश्न सुटताच अशी नावे निरर्थक होतात, आणि तशी ती झालीही. तथापि प्रामाणिकपणात ती नंतरच्या कित्येक नावांहून सरस होती असे म्हणण्यास हरकत नाही.

जवळजवळ ह्याच सुमारास, १७८९ मध्ये, हंगेरीतील पाल किताइबेल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास त्याच्या देशातील एका वेगळ्या धातुकात हेच द्रव्य स्वतंत्रपणे आढळले. हे धातुक चांदीयुक्त मॉलिब्डेनाइट म्हणून खपत होते. शोधाचा मान कोणाचा ह्यावरून पुढे काही कटुता उत्पन्न झाली. निर्णय म्युलरच्या बाजूने लागला.

नाव कायम झाले ते बर्लिनमध्ये. म्युलरने पाठविलेल्या नमुन्यांचे पृथक्करण मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट ह्याने केले आणि जानेवारी १७९८ मध्ये तेथील अकादमीपुढे निबंध वाचून शोधाचे श्रेय म्युलरला दिले व नवे नाव सुचविले. क्लाप्रोट हा नामकरणाविषयी विचार केलेला मनुष्य होता. १७८९ मध्ये त्याने युरेनियमला नाव दिले ते थोड्याच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून. १७९५ मध्ये टायटेनियमला दिले ते ग्रीक पुराणांतील पृथ्वीपुत्र टायटनांवरून. त्या दुसऱ्या प्रसंगी त्याने आपले तत्त्वही सांगून टाकले: नव्या पदार्थाचा विशेष गुण दाखविणारे नाव जर सापडत नसेल, तर ज्या नावास स्वतःचा काहीच अर्थ नाही असे नाव देणे उत्तम, कारण त्यापासून चुकीच्या कल्पना उत्पन्न होण्याची भीती नसते.

हे तत्त्व कोणत्या पार्श्वभूमीवर मांडले गेले हे पाहिल्यावाचून त्याचे महत्त्व कळत नाही. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये लव्हाझिए व त्याचे सहकारी ह्यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली होती. तिचा आग्रह असा की नावाने वस्तूचे स्वरूप सांगितले पाहिजे. त्याच आग्रहातून 'ऑक्सिजन' म्हणजे 'अम्लजनक' हे नाव आले, आणि सर्व अम्लांत ऑक्सिजन असतो हे गृहीतक पुढे चुकीचे ठरले. मिठाच्या अम्लात तो नसतो. नाव मात्र राहिले. क्लाप्रोटने आकाश, पृथ्वीपुत्र व पृथ्वी अशी एक पौराणिक मालिका निवडली ती ह्यासाठी की तिच्यातून रसायनाविषयी कोणतेच विधान होत नाही. आकाशाचा मान युरेनियमला दिला गेला होता, पृथ्वीमातेचा अद्याप कोणास दिला नव्हता, एवढेच टेल्यूरियमच्या नावामागचे कारण. 'द्यावापृथिवी' ह्या वैदिक जोडीची आठवण भारतीय वाचकास होईल. तीत रासायनिक अर्थ शोधू नये. ज्यांना व्युत्पत्तीत रस आहे त्यांच्यासाठी इतके सांगता येईल की 'टेल्लुस' ह्या शब्दाचा संबंध संस्कृत 'तल' व प्राचीन आयरिश भाषेतील पृथ्वीवाचक 'तालम' ह्यांच्याशी जोडला जातो.

परंतु निरर्थक म्हणून निवडलेले नावही फार काळ निरर्थक राहत नाही. ते भाषेत आले की इतर नावांशी त्याचे नाते जडू लागते. १८१७ मध्ये स्वीडनमधील ग्रिप्सहोल्म येथील गंधकाम्लाच्या कारखान्यातील तांबूस गाळाची बर्झेलियस व गान परीक्षा करीत होते. गाळ जाळला असता मुळ्यासारखा तीव्र वास आला. हा वास टेल्यूरियमचा म्हणून ठरलेला असल्यामुळे गाळात टेल्यूरियम आहे असे दोघांनी मानले. पुढील परीक्षणात टेल्यूरियम निघेना. १८१८ च्या सुमारास बर्झेलियसच्या ध्यानात आले की हे वेगळेच, पण टेल्यूरियमशी अत्यंत साम्य असलेले मूलद्रव्य आहे. पृथ्वीचे जवळचे भावंड म्हणून त्याने त्यास चंद्रवाचक ग्रीक शब्दावरून सेलेनियम म्हटले. येथे चंद्राचा अर्थ चंद्र नव्हे. 'पृथ्वीच्या शेजारचा' एवढाच आहे. सेलेनियम हे नाव टेल्यूरियमवाचून समजतच नाही.

ह्या प्रकरणाचा शेवट अधिकच उद्बोधक आहे. तो मुळ्याचा वास मुळात टेल्यूरियमचा नव्हताच. शुद्ध टेल्यूरियमला तसा वास येत नाही; म्युलर व क्लाप्रोट ह्यांच्या नमुन्यांत सेलेनियमचा जो अल्प अंश मिसळलेला होता त्याचा तो वास होता, असे बर्झेलियसने दाखविले. पस्तीस वर्षे जे लक्षण ओळखीची खूण म्हणून वापरले गेले ते शेजाऱ्याचे निघाले. त्या लक्षणावरून जर कोणी मूलद्रव्याचे नाव ठेवले असते तर ते आज ऑक्सिजनच्याच पंक्तीस बसले असते. क्लाप्रोटची सावधगिरी किती योग्य होती ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

आता खनिजांकडे वळावयाचे. टेल्यूरियम क्वचित शुद्ध रूपात सापडते. बहुधा ते सोने, चांदी, शिसे, बिस्मथ, पारा, निकेल ह्यांच्याशी संयुक्त असते. ह्यांत सोन्याचा संबंध सर्वांत विशेष आहे. सोने हे उदासीन वृत्तीचे. निसर्गात ते सहसा कोणाशी रासायनिक संयोग करीत नाही. टेल्यूरियम हा त्यास मोठा अपवाद होय. सोन्याची जी थोडी नैसर्गिक संयुगे ज्ञात आहेत त्यांतील प्रमुख संयुगे टेल्यूरियमचीच आहेत. म्हणूनच ट्रान्सिल्व्हेनियातील खाणवाल्यांना सोने असूनही सोने दिसत नव्हते.

तेथील सर्वांत प्रसिद्ध खनिज म्हणजे सिल्व्हनाइट. त्यात सोने, चांदी व टेल्यूरियम असतात. आदर्श घटना धरल्यास सोन्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के व चांदीचे १३ टक्के भरते. खाणकामगारांचे त्याचे जर्मन नाव 'श्रिफ्टएर्ट्स', म्हणजे लिपी-धातुक, असे होते. गारेच्या पांढऱ्या पृष्ठावर त्याचे बारीक, चकचकीत स्फटिक अशा तऱ्हेने एकमेकांस कोन करून वाढतात की एखाद्या अपरिचित लिपीतील ओळी कोरल्याचा भास होतो. कोणास त्यांत हिब्रू अक्षरे दिसली, कोणास कीलाक्षरे. लिपिसादृश्यावरून नाव मिळालेली खनिजे अगदी थोडी असतील. ह्या नावाचा एक गुण असा की ते डोळ्यांनी पाहून ओळखण्यास उपयोगी पडत असे. दोष असा की लिपीसारखे न वाढलेले तेच खनिज मग ओळखू येत नसे.

'सिल्व्हनाइट' हे आजचे नाव ट्रान्सिल्व्हेनियाच्या नावाचा उत्तरार्ध घेऊन बनले. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे व 'सिल्व्हा' म्हणजे अरण्य. 'अरण्यापलीकडचा' ह्या प्रदेशनामातील 'पलीकडचा' गळून केवळ 'अरण्य' उरले. अर्थाच्या दृष्टीने हे छाटकाम अडाणीपणाचे असले तरी नाव म्हणून ते चालले, कारण नावाकडून अर्थाची अपेक्षाच नव्हती. खनिजास हे नाव १८३५ मध्ये लुई आल्बेर नेकेर ह्या स्विस भूशास्त्रज्ञाने दिले. हा नेकेर ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर ह्या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाचा दौहित्र. आणि चिन्हाचे यादृच्छिकत्व हा ज्याच्या विचाराचा पाया, तो भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर हा त्याच ओरास-बेनेदिक्तचा पणतू. ह्या नात्यावरून काहीही सिद्ध होत नाही. परंतु योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

इतर खनिजनामांपैकी बहुतेक स्थळांवरून वा व्यक्तींवरून आलेली आहेत. शिसे व टेल्यूरियम ह्यांचे आल्टाइट हे आल्ताई पर्वतावरून, चांदीचे हेस्साइट हे रसायनज्ञ हेस ह्याच्या सन्मानार्थ, चांदी व सोने ह्यांचे पेट्झाइट हे त्याचे पृथक्करण करणाऱ्या पेट्झवरून, पाऱ्याचे कोलोराडोआइट व निकेलचे मेलोनाइट ही अमेरिकेतील स्थळांवरून. नाज्याग ह्या खाणगावाचे नाव नाज्यागाइटला मिळाले. पत्र्यासारख्या पातळ पापुद्र्यांच्या ह्या खनिजात सोने व टेल्यूरियम ह्यांबरोबर शिसे, अँटिमनी व गंधकही असतात. गाव आता रुमानियन नावाने सकारम्ब म्हणून ओळखले जाते, पण खनिजाच्या नावात जुने हंगेरियन नाव टिकून आहे. राज्ये बदलली की नकाशावरील नावे बदलतात, खनिजांची बदलत नाहीत. वर्णनात्मक म्हणता येईल असे एक नाव ह्या कुळात आहे: बिस्मथ, टेल्यूरियम व गंधक ह्यांचे टेट्राडिमाइट. चौपट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हायडिंगरने १८३१ मध्ये ते दिले, कारण त्याचे जुळे स्फटिक चार-चारांच्या गटाने आढळले होते.

कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरस परगण्यावरून नाव मिळालेले कॅलाव्हेराइट हे खनिज आर्थिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे होय. परगण्याचे स्पॅनिश नाव 'कवट्या' ह्या अर्थाचे आहे. ह्यात सोन्याच्या एका अणूस टेल्यूरियमचे दोन अणू असतात, व वजनाने सोने सुमारे ४३ ते ४४ टक्के भरते. रंग फिकट पितळी. दुर्दैवाने माक्षिकाचाही, म्हणजे लोखंड व गंधक ह्यांच्या त्या अतिसामान्य खनिजाचाही, रंग तसाच असतो, आणि माक्षिकाने फसण्याचा अनुभव प्रत्येक सोने शोधणाऱ्यास असल्यामुळे पितळी चकाकी दिसली की ते तुच्छतेने फेकून देण्याची सवय लागलेली असते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅलगुर्ली येथे नेमके हेच घडले. तेथे १८९३ मध्ये सोने सापडले व लोकांची रीघ लागली. खाणी खोल जाऊ लागल्या तशी मोकळ्या सोन्याबरोबर पितळी खनिज वर येऊ लागले. ते माक्षिक समजून टाकून देण्यात आले. त्या टाकाऊ दगडांनी रस्त्यांतील खड्डे व चाकोऱ्या बुजविल्या गेल्या, बांधकामासही ते वापरले गेले, असे सांगतात. १८९६ मध्ये हे सोन्याचे टेल्यूराइड आहे हे ओळखले गेले व मग लोकांनी तेच रस्ते उकरले. ओळख पटल्यावरही अडचण संपली नाही. मोकळे सोने विरघळविणारा सायनाइडचा द्राव टेल्यूराइडावर फार मंद गतीने चालतो. त्यामुळे धातुक आधी भाजून टेल्यूरियम उडवून लावावे लागे. कोट्यवधींचे सोने काही वर्षे पायाखाली पडून राहिले ते दृष्टीच्या दोषाने नव्हे. खनिज सर्वांना दिसत होते. 'माक्षिक' ह्या हाताशी असलेल्या नावाने पुढचा प्रश्नच बंद केला होता. म्युलरचा 'प्रश्नरूप धातू' येथे आठवावा.

उलट प्रकारही घडला आहे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील एका खाणगावास १८८७ मध्ये 'टेल्यूराइड' हे नाव मिळाले. आधीचे कोलंबिया हे नाव कॅलिफोर्नियातील दुसऱ्या गावाशी जुळत असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई. ह्या परिसरात सोने, चांदी, शिसे, जस्त निघाले. ज्याचे नाव गावाने घेतले त्या खनिजासाठी मात्र ते कधी ओळखले गेले नाही.

आज टेल्यूरियम मिळते ते ह्यांपैकी कोणत्याही नामांकित खनिजापासून नव्हे. तांब्याचे विद्युत्-विच्छेदनाने शुद्धीकरण करताना धनाग्राखाली जो गाळ साचतो त्यात चांदी, सोने, सेलेनियम ह्यांबरोबर ते असते, आणि जगाचा बहुतेक पुरवठा त्या गाळातूनच होतो. वार्षिक उत्पादन काहीशे टनांच्या घरात आहे. ते वाढवावयाचे म्हटले तरी तांब्याचे उत्पादन वाढल्याखेरीज फारसे वाढविता येत नाही, हा त्याच्या अर्थकारणातील मोठा पेच आहे. कारण मागणी आता क्षुल्लक राहिलेली नाही. कॅडमियम टेल्यूराइडचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करतो. बिस्मथ टेल्यूराइडातून वीज वाहविली असता एक बाजू थंड होते, व १९५४ पासून ह्या गुणाचा शीतकरणासाठी उपयोग होऊ लागला. पारा, कॅडमियम व टेल्यूरियम ह्यांचे मिश्रसंयुग अवरक्त किरण टिपते. पोलाद व तांबे यंत्रावर कापण्यास सुलभ व्हावे म्हणून त्यांत ते अल्प प्रमाणात घालतात.

संयुगांच्या नावांकडे आल्यावर मात्र विचाराची दिशा पालटावी लागते. येथवरच्या नावांत शब्दाचा मूळ भाग अर्थहीन आहे असे दिसले. संयुगांच्या नावांत प्रत्यय अर्थपूर्ण आहेत, आणि तो अर्थ अत्यंत काटेकोर आहे. टेल्यूराइड म्हणजे ज्यात टेल्यूरियमची ऑक्सिडीभवन-स्थिती उणे दोन आहे ते संयुग. टेल्यूराइट म्हणजे अधिक चार स्थितीतील टेल्यूरियमचे ऑक्सिजनयुक्त लवण. टेल्यूरेट म्हणजे अधिक सहा स्थितीतील. ही तीन पायऱ्यांची रचना लव्हाझिएच्या मंडळींची देणगी होय. तिची मूळ धातूंची निवड चुकली असेल, प्रत्ययांची चुकली नाही.

मराठीत लिहिताना ह्यांतील पहिली दोन नावे एकमेकांपासून केवळ अंत्य व्यंजनाने वेगळी राहतात: टेल्यूराइड व टेल्यूराइट. ड आणि ट ह्यांतील घोष-अघोष भेद, एवढाच काय तो फरक. वर्णविचाराच्या पाठ्यपुस्तकात लघुतम भेदयुग्म म्हणून ही जोडी खुशाल द्यावी. परंतु शब्दाच्या अंती घोष व्यंजन सैल उच्चारले जाते, घाईच्या हस्ताक्षरात ट व ड ह्यांची आकृती जवळ येते, आणि पुरेशी दक्षता नसेल तर उणे दोनचे अधिक चार होते. नावांची अदलाबदल निरुपद्रवी असते असे कोणी समजू नये. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश वैद्यकीय वृत्तात तीन रुग्णांची हकीकत आहे. मूत्रमार्गाच्या क्ष-किरण तपासणीत भलत्याच द्रव्याऐवजी सोडियम टेल्यूराइट वापरले गेले आणि तिघांपैकी दोघे दगावले. शरीरात टेल्यूरियम गेल्याची खूण म्हणजे श्वासास येणारा लसणासारखा उग्र वास. अत्यल्प मात्रेनेही तो दीर्घकाळ टिकतो. हा वास मात्र खरोखरच टेल्यूरियमच्या संयुगाचा असतो, शेजाऱ्याचा नव्हे.

'आइट' ह्या प्रत्ययाचा आणखी एक पेच आहे. सिल्व्हनाइट, हेस्साइट, पेट्झाइट ह्यांतील 'आइट' हा पाषाणवाचक नामांत येणारा ग्रीक प्रत्यय; टेल्यूराइट लवणातील 'आइट' हा फ्रेंच परिभाषेने योजलेला, ऑक्सिडीभवनाची पायरी दाखविणारा. दोहोंचा अर्थाने संबंध नाही, रूप मात्र एक झाले. परिणामी 'टेल्यूराइट' हा शब्द द्व्यर्थी आहे: रसायनात ते लवण, खनिजशास्त्रात टेल्यूरियमचे नैसर्गिक डायऑक्साइड. मूळ युरोपीय भाषांतच असलेला हा दोष मराठीने डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. खनिज अभिप्रेत असेल तेथे 'टेल्यूराइट खनिज' असे म्हटले तरी पुरे.

'इयम' हा अंत्यभागही तपासण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात तो धातूंची खूण म्हणून रूढ झाला. सेलेनियमला तो मिळाला, पण सेलेनियम अधातू निघाले. टेल्यूरियम मधले आहे. त्यास धातूची चकाकी आहे, पण ते ठिसूळ असून त्याची विद्युत्-वाहकता अर्धवाहकाची आहे. त्यास धातुसदृश म्हणतात. चिनी लिपीने ह्याच द्रव्याचे वर्गीकरण निराळे केले आहे. तेथे मूलद्रव्याच्या चिन्हाचा एक भाग उच्चार सुचवितो व दुसरा वर्ग. टेल्यूरियमच्या चिन्हात धातूचे नव्हे, पाषाणाचे वर्गचिन्ह आहे, म्हणजे ते घनरूप अधातूंत गणलेले आहे. उच्चारदर्शक भाग एरव्ही 'सम्राट' ह्या अर्थाचा आहे, पण त्या अर्थाकडे कोणी पाहत नाही. मूळ भाग ध्वनीसाठी, वर्ग दाखविणारा भाग अर्थासाठी, ही वाटणी तेथे लिपीनेच उघड करून दाखविली आहे. जपानीने जर्मन रूप उचलून 'तेरुरु' केले.

मराठीत पृथ्वीवाचक संस्कृत शब्दावरून ह्या मूलद्रव्यास नाव घडविले तर काय होईल हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. क्लाप्रोटने जो अर्थ निद्रिस्त ठेवण्यासाठी परका शब्द घेतला तोच अर्थ जागा होईल, आणि हे दुर्मिळ द्रव्य भूमीशी विशेष निगडित आहे अशी समजूत प्रत्येक विद्यार्थ्याची होईल. इंग्रजीतही 'टेल्युरिक' ह्या विशेषणाने असा गोंधळ होतोच. भूगर्भातून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांस व वातावरणामुळे ताऱ्यांच्या वर्णपटात उमटणाऱ्या रेषांस तेच विशेषण लावतात. टेल्यूरियमपासून होणारे अम्लही टेल्युरिकच. भाषांतरकाराने पहिल्या दोन ठिकाणी 'पृथ्वीचा' असे म्हणावयाचे असते व तिसऱ्या ठिकाणी मुळीच म्हणावयाचे नसते.

नावाचा अर्थ त्याच्या मुळात नसून व्यवस्थेतील स्थानात असतो, ह्याचा सर्वांत कठोर कस टेल्यूरियमने घेतला तो आवर्तसारणीत. मेंडेलेव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली. गुणांच्या दृष्टीने टेल्यूरियम गंधक व सेलेनियम ह्यांच्या खाली, आणि आयोडीन क्लोरीन व ब्रोमीन ह्यांच्या खाली यावयास हवे, ह्यात शंका नव्हती. म्हणजे टेल्यूरियम आधी, आयोडीन नंतर. परंतु अणुभार पाहता टेल्यूरियम १२८ व आयोडीन १२७. मेंडेलेव्हने टेल्यूरियमला त्याच्या जागी ठेवले व १२८ ह्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. १८७१ च्या सारणीत त्याने तो आकडा सरळ १२५ केला. व्यवस्था खरी आहे, मोजमाप चुकले आहे, असे त्याचे म्हणणे.

प्राग येथील बोहुस्लाव ब्राउनरने ते मोजमाप सुधारण्यासाठी अनेक वर्षे घालविली. जितके काळजीपूर्वक मापन करावे तितका आकडा १२७ च्या वरच राही. तेव्हा टेल्यूरियम हे एकजिनसी मूलद्रव्य नसून त्यात आणखी एखादे जड द्रव्य मिसळलेले असावे अशी शंका त्यास आली. तीही सिद्ध झाली नाही. मापन बरोबर होते आणि स्थानही बरोबर होते. दोहोंपैकी एक चूक असलेच पाहिजे हे गृहीतक तेवढे चूक होते.

मेंडेलेव्हची श्रद्धा एका अंगाने फळास आली. रिकाम्या जागांतील अज्ञात मूलद्रव्यांना तो ज्ञात नावास संस्कृत संख्याशब्द जोडून नावे देत असे. १८८९ मधील फॅरडे-व्याख्यानात त्याने 'द्वि-टेल्यूरियम' वर्तविले व त्याचा अणुभार २१२ च्या आसपास असेल असे म्हटले. त्याच्या मांडणीत टेल्यूरियमखाली आधी एक रिकामे घर पडे, म्हणून 'एक' नव्हे तर 'द्वि'. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने शोधलेले पोलोनियम त्या घरात जाऊन बसले. मेंडेलेव्हने संस्कृतच का निवडले, ह्याविषयी पॉल किपार्स्की ह्यांनी असे सुचविले आहे की पाणिनीचे संपादन करणारा ओटो ब्योट्लिंक हा सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या परिचयाचा होता, व स्थान आणि प्रयत्न ह्या दोन दिशांनी मांडलेल्या भारतीय वर्णमालेशी आवर्तसारणीचे साम्य त्यास जाणवले असावे. पुरावा अप्रत्यक्ष आहे. तो निर्णायक समजू नये. परंतु 'द्वि-टेल्यूरियम' हे नाव केवळ स्थानाचे नाव आहे, त्यात वस्तूचा लवलेश नाही, हे मात्र कोणासही मान्य व्हावे.

टेल्यूरियम व आयोडीन ह्यांचा तंटा मिटला तो मोझलीच्या १९१३-१४ मधील क्ष-किरणांवरील संशोधनाने. सारणीतील क्रम अणुभाराचा नसून अणुकेंद्रावरील धन विद्युत्भाराचा आहे हे त्याने दाखविले. टेल्यूरियमचा अणुक्रमांक ५२, आयोडीनचा ५३. अणुभार आज १२७.६० व १२६.९० असे मानले जातात, म्हणजे उलटा क्रम कायमच आहे. त्याचे कारण समस्थानिकांत आहे. निसर्गातील आयोडीन सर्वच्या सर्व १२७ वस्तुमानांकाचे. टेल्यूरियमचे मात्र अनेक समस्थानिक असून त्यांत १३० वस्तुमानांकाचा सुमारे ३४ टक्के व १२८ चा सुमारे ३२ टक्के आहे, आणि हे दोन जड समस्थानिक सरासरी वर ओढतात. दोन्ही अत्यंत मंद किरणोत्सर्गी आहेत. १२८ वस्तुमानांकाच्या टेल्यूरियमचे अर्धायुष्य सुमारे २ × १०<sup>२४</sup> वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या लक्षकोटीपटींहून अधिक आहे. मोजल्या गेलेल्या अर्धायुष्यांत ते सर्वांत दीर्घ होय. त्याचा क्षय होताना केंद्रातून दोन इलेक्ट्रॉन एकदम बाहेर पडतात, अणुक्रमांक ५२ वरून ५४ वर जातो, आणि आयोडीनचे घर ओलांडून त्याचे झेनॉन होते.